राष्ट्रीय उद्यान लोकांसाठी खुलं करताना: पार्किंगपासून पायवाटेपर्यंतचं नियोजन

एखाद्या राष्ट्रीय उद्यानात गर्दी वाढली की दोन ठरलेल्या मागण्या पुढे येतात. काहींना रस्ता रुंद हवा असतो, पार्किंग मोठं हवं असतं, वरपर्यंत गाडी जायला हवी असते. काहींना माणसांची संख्या निम्म्यावर आणायची असते. भांडण मात्र एकाच आकड्यावरून चालतं: रोज किती जण आत सोडायचे?

हा आकडा सगळ्यात शेवटी ठरवायचा असतो. दगडी फरसबंदीवरून शंभर माणसं गेली तरी जंगलाला फारसं कळत नाही; ओल्या माळरानावरून दहा जण पसरून चालले तर महिन्याभरात तिथे नवी वाट पडलेली असते. त्यामुळे माणसं कुठे, कोणत्या वेळी, कशावरून चालत आणि काय करायला जातात, हे आधी ठरवावं लागतं. ते नीट ठरलं तर बऱ्याच ठिकाणी आहे तेवढ्याच जमिनीवर जास्त लोकांना येता येतं, आणि जी जागा खरोखर नाजूक आहे तिथे ठामपणे नाही म्हणता येतं. उद्यानाचं प्रशासन, सल्लागार समितीवर बसणारे लोक आणि स्वयंसेवी गट यांच्यासाठी हा क्रम मांडतो आहे.

मोजणी: आत आलेल्यांची आणि न आलेल्यांची

फाटकावरच्या तिकिटांचा हिशेब सगळ्यांकडे असतो. त्यातून माणसं आत आली एवढंच कळतं. ती कुठे साचली ते कळत नाही. म्हणून मुख्य पायवाटांवर इन्फ्रारेड मोजणी यंत्रं लावा. ती वाट अरुंद असेल आणि माणसं एकामागून एक चालत असतील अशाच ठिकाणी लावायची. बाकाजवळ किंवा फोटो काढायच्या जागेजवळ कधीच नाही, कारण तिथे तोच माणूस चार वेळा इकडून तिकडे जातो. शेजारी-शेजारी चालणाऱ्या दोघांना यंत्र एकच समजतं. त्यामुळे वेगवेगळ्या दिवशी काही तास एक माणूस वही घेऊन बसवा, हाताने मोजणी करा आणि यंत्राचा आकडा किती कमी पडतो ते काढा. ही दुरुस्ती न करता तयार केलेले तक्ते सुबक दिसतात, पण त्यांच्यावर निर्णय घेऊ नयेत.

लोक देखावा पाहायला थांबतात त्या निरीक्षण कट्ट्यावर वेगळी मोजणी हवी. दर पंधरा मिनिटांनी त्या क्षणी तिथे किती जण उभे आहेत, एवढंच लिहायचं. दिवसभरात किती आले यापेक्षा एका वेळी किती होते, हा आकडा पुढे फार उपयोगी पडतो.

आता न आलेल्यांकडे वळू. पाहणीचे अर्ज बहुतेक वेळा उद्यानाच्या आत भरून घेतले जातात, म्हणजे जे पोहोचले त्यांनाच विचारलं जातं की पोहोचायला काही अडचण आली का. उत्तर काय येणार? ही पाहणी बसथांब्यावर, शाळेत, दवाखान्यात, वृद्धांच्या मंडळात करा. कारणं अगदी साधी निघतात: रविवारी बस नसते, आत स्वच्छतागृह कुठे आहे ते माहीत नाही, व्हीलचेअर फाटकाच्या पुढे जाते की नाही याची खात्री नाही, एकट्या बाईला संध्याकाळी परतायची भीती वाटते. यातली निम्मी कारणं एक मीटरही नवा रस्ता न बांधता दूर करता येतात.

नकाशावर विभाग पाडा

अमेरिकेच्या वनसेवेत १९७९ च्या सुमारास एक पद्धत रूढ झाली. तिचा गाभा असा: एकाच जागेत सगळ्यांना सगळं देऊ नका, विविध प्रकारचे अनुभव वेगवेगळ्या जागांत द्या. एका टोकाला डांबरी रस्ता, माहिती केंद्र, बाक, गजबज. दुसऱ्या टोकाला खुणेची पाटीसुद्धा नाही. मधल्या पायऱ्या तुमच्या जमिनीप्रमाणे ठरवा. तीन-चार विभाग पुरतात. नऊ-दहा विभागांचे रंगीत नकाशे सादरीकरणात शोभतात, पण वनरक्षकाच्या लक्षात राहत नाहीत.

विभाग पाडताना एक गोष्ट विसरू नये. पायांखाली तुडवल्या जाण्याने होणारं नुकसान सरळ रेषेत वाढत नाही. कोऱ्या जागेवर पहिली थोडी पावलं पडतात तेव्हाच बरंचसं गवत आणि रोपं मरतात. पुढच्या हजारो पावलांनी त्यात तुलनेने थोडी भर पडते. म्हणून जिथे आधीच वर्दळ आहे तिथे ती वाटेवर आणि पक्क्या जागेवरच एकवटून ठेवायची. अजून कोऱ्या असलेल्या भागात मात्र मोजक्याच लोकांना जाऊ द्यायचं आणि तंबूही रोज एकाच जागी पडू द्यायचा नाही. सगळ्यात वाईट म्हणजे मधली अवस्था, ‘गर्दी थोडी पसरवू या’ म्हणून नव्या नव्या जागा उघडत जाणं. ऐकायला समंजस वाटणाऱ्या या सल्ल्यामुळे उद्यानभर छोट्या उघड्या चट्ट्यांची रांग लागते.

काय चालेल आणि काय नाही, हे लिहून ठेवा

१९८५ मध्ये अशीच आणखी एक चौकट पुढे आली. किती माणसं चालतील, हा प्रश्न तिने बाजूला ठेवला आणि कोणती स्थिती चालेल, हे विचारलं. प्रत्येक विभागासाठी दोन-तीन मोजता येणारी लक्षणं निवडा आणि प्रत्येकाची मर्यादा आकड्यात लिहा: मुख्य वाटेची रुंदी अमुक मीटरपेक्षा वाढू द्यायची नाही, एका किलोमीटरमध्ये फुटलेल्या चोरवाटा इतक्याच, गर्दीच्या तासाला निरीक्षण कट्ट्यावर एका वेळी इतकेच लोक.

हा शेवटचा आकडा काढायची चांगली रीत अमेरिकेतल्या आर्चेस राष्ट्रीय उद्यानात वापरली गेली. एकाच दगडी कमानीचे अनेक फोटो पर्यटकांना दाखवले. काहींत कमान रिकामी, काहींत तिच्याभोवती तुरळक माणसं, काहींत झुंबड. कुठपर्यंत चालेल आणि कुठून पुढे नको वाटतं, हे लोकांनीच सांगितलं. आपल्याकडच्या जागेचे फोटो संगणकावर तसे तयार करणं आता अवघड नाही. मर्यादा मोसम सुरू होण्याआधी लिहा. गर्दी उसळल्यानंतर लिहिलेली मर्यादा म्हणजे झालेल्या गोष्टीवर मारलेला शिक्का.

पार्किंग हेच खरं फाटक

उद्यानात किती माणसं पोहोचतात हे व्यवहारात तिकीट खिडकीवर नाही, तर वाहनतळावर ठरतं. पार्किंग ही नळाची तोटी आहे. ती सोडण्याआधी पुढच्या पायवाटेला किती पाणी पेलेल ते बघा.

अमेरिकेतल्या झायॉन राष्ट्रीय उद्यानाचं उदाहरण दोन्ही बाजूंनी शिकवणारं आहे. १९९७ पर्यंत तिथे वर्षाला सुमारे २४ लाख लोक येऊ लागले होते, आणि अरुंद दरीतल्या रस्त्यावर गाड्या कडेच्या झाडोऱ्यात चढवून लावल्या जात. २००० मध्ये उद्यानाने बससेवा सुरू केली आणि मोसमात दरीतल्या रस्त्यावर खासगी गाड्या बंद केल्या. गोंगाट कमी झाला, कडेची झाडी सावरली, आणि ज्याच्याकडे गाडी नाही तोही दरीत पोहोचू लागला. पण पार्किंग भरलं की लोक परत फिरत, तो आपोआप लागणारा लगाम आता राहिला नाही. अतिशय अरुंद कड्यावरून जाणाऱ्या एंजल्स लँडिंगच्या वाटेवर इतकी दाटी होऊ लागली की १ एप्रिल २०२२ पासून तिथे परवाना सक्तीचा करावा लागला. याचा अर्थ बस नको असा नाही. बस हवीच, पण बसच्या फेऱ्या ठरवताना शेवटच्या थांब्यापुढची वाट एका तासात किती माणसं पेलते, हा हिशेब त्याच कागदावर हवा.

बस सुरू करणार असाल तर ती उद्यानाच्या फाटकापासून नको, जवळच्या बस किंवा रेल्वे स्थानकापासून सुरू करा. शेवटची बस सूर्यास्तानंतर पुरेशा उशिराची ठेवा. परत जाता येईल याची खात्री नसेल तर माणूस गाडीच काढतो.

पायवाट: पायांपेक्षा पाण्याकडे बघा

वाट खराब झाली की दोष चालणाऱ्यांना मिळतो. बहुतेक वेळा खरा अपराधी पाणी असतं. पाऊस वाटेवर उतरतो, वाटेचाच ओढा होतो, माती वाहून जाते, मुळं उघडी पडतात. मग लोक चिखल टाळायला कडेने चालतात आणि एक मीटरची वाट पाच मीटरची होते. म्हणून वाट आखणाऱ्याने पहिल्यांदा पाण्याचा विचार करायचा.

पहिला नियम ‘निम्म्याचा’. डोंगरउताराचा जो चढ आहे, त्याच्या निम्म्याहून जास्त चढ वाटेला द्यायचा नाही. उतार २० टक्के असेल तर वाट जास्तीत जास्त १० टक्के, म्हणजे दहा मीटर चालल्यावर एक मीटर वर. याहून सरळ वर चढणारी वाट पाण्याला सोयीची होते. उतार आडवा कापत जाणाऱ्या वाटेवरून मात्र पाणी पलीकडे निघून जातं. एकूण वाटेचा सरासरी चढ १० टक्क्यांच्या आत ठेवा. यासाठी महागडी उपकरणं लागत नाहीत. उतार मोजायचं साधं हातातलं यंत्र आणि आपल्याएवढ्याच उंचीचा एक सोबती पुरतो. अगदी सपाट जमीन मोहात पाडते, पण तिथे पाण्याला जायला जागाच नसते. हलक्या उतारावरची वाट सपाटीवरच्या वाटेपेक्षा जास्त टिकते.

दुसरं, वाटेची दरीकडची कडा किंचित खाली ठेवा. एक मीटर रुंदीला सुमारे पाच सेंटिमीटर. तिसरं, चढत्या वाटेला दर दहा-पंधरा मीटरवर एक छोटी उलटी लाट द्या: थोडं खाली उतरून पुन्हा वर. त्या खोलगट जागी पाणी वाट सोडून बाहेर पडतं. आडवे ओंडके किंवा दगड बसवून पाणी वळवायची जुनी रीत आहेच, पण त्यांच्यामागे गाळ साचतो आणि कोणी साफ करत नाही. लाट आखतानाच दिली तर तिला निगा कमी लागते.

वर्षा-दोन वर्षांत पावलांनी वाटेचा मध्य दबतो आणि बाहेरच्या कडेला मातीचा बांध तयार होतो. बांध झाला की पाणी आत अडकतं. फावड्याने तो कापून काढणं हे निगेतलं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम आहे. शक्य झालं तर धो-धो पावसात छत्री आणि फावडं घेऊन वाट चालून बघा. कोरड्या दिवसातल्या दहा पाहण्यांत दिसत नाही ते त्या एका तासात दिसतं.

नागमोडी वळणांवर लोक मधून उतरतात, कारण खालचा टप्पा त्यांना वरून दिसतो. वळण मोठ्या खडकाला किंवा दाट झुडपाला वळसा घालून न्या आणि दोन टप्प्यांत अंतर ठेवा. आधीच पडलेली चोरवाट बंद करायची तर नुसती पाटी लावू नका. तिच्या तोंडाशी, नजर पोहोचेल तिथपर्यंत, काटक्या, वाळक्या फांद्या आणि दगड टाकून ती वाट आहे असं वाटूच देऊ नका. आणि एकदा विचारा, ही चोरवाट का पडली? तिच्या टोकाला झरा, सावली किंवा छान देखावा असेल तर लोक येतच राहणार. मग तिथे नेणारी नीट वाट आखणं शहाणपणाचं.

दलदल आणि झऱ्यांच्या भागात लाकडी पूलवाट हाच खात्रीचा उपाय. क्रोएशियातल्या प्लिट्विस उद्यानात पाण्यातल्या चुन्यापासून शेवाळ आणि सूक्ष्मजीवांच्या मदतीने तयार होणारे बांध आहेत. पाय पडला तर ते तुटतात. तिथे लोक पाण्यावरून जाणाऱ्या लाकडी वाटांवरूनच फिरतात. लाखो पर्यटक हातभर अंतरावरून ते पाहू शकतात, ते या वाटांमुळेच.

सगळ्यांना पेलेल अशी वाट

प्रत्येक वाट सर्वांसाठी सोपी करता येत नाही, तशी गरजही नाही. पण उद्यानातला सर्वांत सुंदर देखावा पाहायला निदान एक वाट तशी हवी. वाहनतळाभोवतीची फेरी अपंगांसाठी ठेवली की काम झालं, असं मानण्याची सवय सोडायला हवी.

आकडे लागतील म्हणून देतो. अमेरिकेच्या संघराज्य सरकारच्या जमिनींवरील पायवाटांच्या नियमांत रुंदी किमान ९१ सेंटिमीटर. चढ १:२० पर्यंत (वीस मीटरला एक मीटर) असेल तर लांबीला बंधन नाही. १:१२ पर्यंतचा चढ एका वेळी सुमारे ६१ मीटरपर्यंतच, आणि मग थांबायला सपाट जागा. पृष्ठभाग घट्ट हवा. बारीक खडीची भुकटी पाणी मारून रोलरने नीट दाबली तर डांबर लागत नाही. आडवा उतार ५ टक्क्यांपेक्षा वाढू देऊ नका, कारण त्याहून जास्त झाला की व्हीलचेअर सतत दरीकडे ओढते. व्हीलचेअरवर बसून बघणाऱ्याच्या नजरेच्या आड कठडे येणार नाहीत, याकडे बांधणारे क्वचितच लक्ष देतात.

‘सोपी’, ‘मध्यम’, ‘अवघड’ या पाट्या काढून टाका, किंवा त्यांच्याखाली खरी माहिती लिहा: लांबी, सर्वांत तीव्र चढ आणि तो किती मीटरचा, सर्वांत अरुंद जागा, पृष्ठभाग, दोन बाकांमधलं अंतर, स्वच्छतागृह कुठे. गुडघेदुखी असलेले आजोबा आणि बाबागाडी ढकलणारी आई स्वतःचा निर्णय स्वतः घेतील. हीच माहिती फोटोंसह घरबसल्या मिळाली पाहिजे.

स्वच्छतागृह वाटेच्या सुरुवातीला बांधा आणि तशी पाटी तिथेच लावा. दूरच्या भागात जाणाऱ्यांना शौचासाठी पाण्यापासून निदान ६० मीटर लांब, १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा हा नियम सांगा. बर्फात किंवा खडकावर हे चालत नाही; अलास्कातल्या डेनाली शिखरावर गिर्यारोहकांना विष्ठा बंद डब्यात साठवावी लागते. कचराकुंड्या जंगलात आत नकोत. रोज रिकामी न होणारी कुंडी म्हणजे प्राण्यांना मेजवानी.

प्राण्यांचं वेळापत्रक आणि पाट्यांची भाषा

प्राण्यांना माणूस येतो यापेक्षा तो अवेळी आणि अनपेक्षित जागी येतो, याचा त्रास जास्त होतो. ठरलेल्या वाटेवर ठरलेल्या वेळी येणाऱ्यांची अनेक प्राण्यांना सवय होते. म्हणून पाणवठ्याजवळच्या वाटा पहाटे आणि संध्याकाळी बंद ठेवा, पक्ष्यांच्या विणीच्या काळात डोंगरकडे बंद ठेवा. अमेरिकेतल्या योसेमिटी उद्यानात बहिरी ससाण्यांच्या घरट्यांसाठी प्रस्तरारोहणाच्या ठरावीक वाटा दर वर्षी बंद होतात आणि पिल्लं उडाली की उघडतात. गिर्यारोहक हे पाळतात, कारण बंदीला कारण आहे आणि शेवटही आहे. अंतर आकड्यात सांगा. अमेरिकेतल्याच यलोस्टोन उद्यानात अस्वल आणि लांडग्यांपासून ९१ मीटर, बाकी बहुतेक प्राण्यांपासून २३ मीटर. ‘सुरक्षित अंतर ठेवा’ याचा अर्थ प्रत्येक जण आपल्या कॅमेऱ्याच्या भिंगाप्रमाणे लावतो.

पाटीवर काय लिहू नये, हे ॲरिझोनातल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट उद्यानातल्या एका प्रसिद्ध प्रयोगाने दाखवलं. आधीच्या अनेक पर्यटकांनी अश्मीभूत लाकूड उचलून नेल्याने इथलं रूप बदललं, अशी खंत व्यक्त करणारी पाटी लावली तेव्हा खुणा केलेल्या तुकड्यांपैकी सुमारे ८ टक्के चोरीला गेले. लाकूड नेऊ नका, असं सरळ सांगणाऱ्या पाटीजवळ २ टक्क्यांहूनही कमी. ‘रोज इतका टन कचरा टाकला जातो’ अशा पाट्या लावणाऱ्यांनी यावर विचार करावा. सगळेच टाकतात, हा निरोप त्यातून जातो.

रोग मातीतून पसरत असेल तर पाटीवर भागत नाही. न्यूझीलंडमध्ये कौरी वृक्षांना मारणारा रोग बुटांना चिकटलेल्या मातीतून पसरतो, म्हणून वाटेच्या तोंडाशी बूट घासायची आणि जंतुनाशक लावायची सोय उभारली आहे.

परवाने लावायचेच असतील तर

वेळा बदलून, बस लावून, वाट सुधारूनही लिहून ठेवलेली मर्यादा ओलांडली जात असेल, तरच संख्येवर बंधन आणा. ते पूर्ण उद्यानावर नको, त्या एका वाटेवर पुरे. योसेमिटीतल्या हाफ डोम या खडकाळ शिखरावर जाणाऱ्या केबलवाटेवर दिवसाला सुमारे ३०० जणांना परवाना मिळतो. काही परवाने मोसमाआधीच्या सोडतीतून, काही दोन दिवस आधीच्या रोजच्या सोडतीतून. ही विभागणी अनुकरण करण्याजोगी आहे. सगळं सहा महिने आधी वाटलं तर रजा आधी ठरवू शकणाऱ्यांचीच सोय होते. ‘आधी येईल त्याला’ ठेवलं तर वेगवान इंटरनेटवाल्यांची. काही जागा फोनवर आणि प्रत्यक्ष खिडकीवर राखून ठेवा, रद्द करणं सोपं ठेवा, न येणाऱ्यांचं प्रमाण मोजा. आणि परवाना लागल्यावर शेजारच्या मोकळ्या वाटेवर मोजणी यंत्र लावा, कारण नाकारलेला माणूस बहुधा तिकडेच वळतो.

भोवतालच्या गावांना या सगळ्यात वाटा नसेल तर नियम कागदावर राहतात. रवांडातल्या व्होल्केनोज उद्यानात गोरिलांच्या एका कळपाकडे दिवसाला आठच पर्यटक, तेही एक तास. आणि पर्यटनाच्या उत्पन्नातले १० टक्के भोवतालच्या वस्त्यांच्या कामांसाठी जातात. वाटेची निगा, बस, मार्गदर्शन ही कामं स्थानिकांना द्या आणि जळण, चारा, देवस्थान यांच्या जुन्या वाटा आखणीच्या नकाशावर पहिल्या दिवशी दाखवा.

बंद करणं आणि पुन्हा उघडणं

थायलंडची माया बे ही पुळण जून २०१८ मध्ये बंद केली आणि जानेवारी २०२२ मध्ये उघडली. नुसती विश्रांती दिली असती तर जुने दिवस लगेच परतले असते. मधल्या काळात होड्यांचा धक्का बेटाच्या मागच्या बाजूला हलवला, तिथून पूलवाटेने लोक पुळणीवर येऊ लागले, एका वेळच्या संख्येला मर्यादा आली, उथळ पाण्यात लहान शार्क पुन्हा दिसू लागले. बंद करताना म्हणूनच दोन गोष्टी जाहीर करा: या काळात काय बदलणार आणि कोणतं लक्षण दिसलं की उघडणार.

वर्षाचं वेळापत्रक साधं ठेवा. पाऊस संपताच बांध कापणं आणि निचऱ्याची दुरुस्ती. गर्दीच्या मोसमात मोजणी. मोसमानंतर पक्क्या खुंट्या रोवलेल्या जागांवरून, त्याच कोनातून, त्याच महिन्यात फोटो, आणि वाटेची रुंदी व चोरवाटांची संख्या. मग समितीची एकच बैठक, जिच्यात आकडे लिहिलेल्या मर्यादेशेजारी ठेवायचे. मर्यादा ओलांडली असेल तर आधी माहिती आणि वेळ बदला, नंतर रचना, त्यानंतर परवाना, सगळ्यात शेवटी बंदी. बैठकीचं इतिवृत्त आकड्यांसकट फाटकावरच्या फलकावर लावा.